शनिवारी का आला नाहीत?

“मित्रांपैकी किती जण महिन्यातून एकदा तरी तुम्हाला भेटतात किंवा फोन करतात?”

डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा मी शर्टाची बाही खाली करत होतो. रक्तदाब मोजून झाला होता. सहा महिन्यांत माझं वजन चार किलोने उतरलं, म्हणून मुलीने धोशा लावून मला वृद्धांच्या आजारांच्या तज्ज्ञ बाईंकडे पाठवलं होतं. पोट, थायरॉइड, साखर यांची चौकशी होईल अशी माझी समजूत होती. पण रक्ताचे सगळे अहवाल ठाकठीक आले होते, आणि आता हा प्रश्न.

मी बोटं मोजायला लागलो आणि पहिल्याच बोटावर थांबलो.

प्रश्न एकूण सहा होते. तीन नातेवाइकांबद्दल आणि तेच तीन पुन्हा मित्रांबद्दल. किती जणांशी महिन्यातून एकदा तरी संपर्क होतो, किती जणांशी मनातलं बोलता येतं, आणि अडचणीला किती जणांना हक्काने हाक मारता येते. प्रत्येक उत्तराला शून्य ते पाच गुण, म्हणजे सगळे मिळून ३०. याला लुबेन मापनी म्हणतात. बारापेक्षा कमी गुण आले तर माणूस इतरांपासून तुटत चालला आहे असं समजतात. माझे सात आले. त्यातले सहा नातेवाइकांचे. मित्रांच्या खात्यात जो एक गुण होता, तो एका जुन्या सहकाऱ्यामुळे. पेन्शनच्या कागदांबद्दल त्याचा अधूनमधून फोन यायचा.

“तुम्हाला एकाकी वाटतं का?” त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं. वर्तमानपत्र, रेडिओ, दुपारची झोप, रात्री नऊला मुलीचा फोन. दिवस कसा जातो ते कळायचं नाही. डॉक्टर म्हणाल्या, एकाकी वाटणं वेगळं आणि माणसांपासून तुटणं वेगळं. भरल्या घरात राहूनही एखाद्याला एकाकी वाटतं, तर एखादा पार तुटलेला असतो आणि माझं उत्तम चाललंय म्हणून सांगतो. “शरीर दोन्हींचा हिशेब ठेवतं,” असं म्हणून त्यांनी माझ्या कागदावर औषधाऐवजी एकच ओळ लिहिली : आधी कान तपासून घ्या.

आयुष्यभर मी यंत्रांचे आराखडे काढले. आकडा डोळ्यांसमोर आल्याशिवाय मला काही पटत नाही. म्हणून घरी येऊन वाचायला बसलो. ज्युलिआन होल्ट-लुन्स्टॅड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यास एकत्र करून तपासले होते. त्यात तीन लाखांहून जास्त माणसांची नोंद होती. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते, त्यांची अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त होती. त्याच बाईंच्या २०१५ च्या कामात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या होत्या. तुटून राहिल्याने अकाली मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी वाढतो आणि एकाकी वाटण्याने २६ टक्क्यांनी. म्हणजे मला ‘वाटत नाही’ याने सुटका होत नव्हती. ते पान मी दोनदा वाचलं आणि त्या रात्री नीट झोप लागली नाही.

इथवर मी कसा आलो, ते सांगायला हवं.

माझी पत्नी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ती गेल्यावर मला एक गोष्ट फार उशिरा कळली. आमच्या घरी येणारी माणसं मी आमची समजत होतो, ती बहुतेक तिची होती. फोन ती लावायची, ख्यालीखुशाली ती विचारायची, आणि मग “घ्या, बोला” म्हणून फोन माझ्या हातात द्यायची. माझ्याच चुलतभावाच्या मुलाची परीक्षा कधी आहे हे तिला माहीत असायचं. चाळीस वर्षं हे काम तिने केलं, आणि ते काम आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही. ती गेल्यावर पहिले दोन महिने माणसं आली. मग हळूहळू थांबली. त्यात त्यांचा दोष नाही, मी एकालाही उलट फोन केला नव्हता.

दुसरं कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मला ऐकू कमी येत होतं. म्हणजे आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. चारचौघांत बसलो की मी चेहरे बघायचो. सगळे हसले की हसायचो, सगळ्यांनी मान हलवली की मीही हलवायचो. एकदा शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ जिन्यात भेटले आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. मी हसून “वा, छान” म्हणालो. त्यांचा चेहरा एकदम पडला आणि ते पुढे काही न बोलता निघून गेले. ते आपला भाऊ गेल्याचं सांगत होते, हे मला चार दिवसांनी दुसऱ्याकडून कळलं. त्यानंतर मी जिना उतरण्याच्या वेळा बदलल्या. माणसं नसतील तेव्हा उतरायचो.

कानाची तपासणी साधी असते. आवाजबंद खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन लावतात आणि बारीकसा आवाज आला की बटण दाबायला सांगतात. तपासणाऱ्या मुलीने नंतर आलेख दाखवला. डावीकडे रेषा जवळपास सरळ होती आणि उजवीकडे, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांकडे, उतारासारखी खाली गेली होती. ती म्हणाली, “काका, वयामुळे कान आधी इथे कमी होतो. स्वर या डाव्या भागात असतात, ते तुम्हाला येतात. स, श, फ, थ अशी हलकी व्यंजनं उजवीकडे असतात, ती निसटतात.” मग तिने कागदाने तोंड झाकून पाच शब्द उच्चारले आणि मला लिहायला सांगितलं. मी पाचही वेळा ‘ताप’ लिहिलं. ती म्हणाली होती : ताप, साप, शाप, थाप, माप.

मला त्या खोलीत रडू आलं. इतकी वर्षं मी स्वतःला तुसडा, माणूसघाणा समजत आलो होतो, आणि माझ्यापर्यंत पोचत नव्हती ती काही अक्षरं होती.

पुढे तिने जे समजावलं ते प्रत्येक घरात माहीत असावं असं मला वाटतं. शब्द अर्धेच येतात तेव्हा उरलेले मेंदू अंदाजाने भरतो. त्या अंदाजात त्याची इतकी शक्ती जाते की ऐकलेलं लक्षात ठेवायला काही उरत नाही. माणूस दमतो, मग टाळतो, मग तुटतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली, आणि या सगळ्यांवर काम झालं तर जगातले ४५ टक्क्यांच्या आसपास स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतात असं म्हटलं. त्या यादीत बहिरेपणही आहे आणि माणसांपासून तुटणंही. माझ्याकडे दोन्ही होती, एकमेकांना हात धरून आलेली.

कानाला ऐकण्याचं यंत्र लावलं की स्मरणशक्ती वाचते असं मात्र तिने छातीठोकपणे सांगितलं नाही, आणि त्यामुळेच माझा तिच्यावर विश्वास बसला. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या सुमारे हजार लोकांवर तीन वर्षं झालेला एक प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा मिळून विचार केला तर यंत्राने फरक दिसला नाही, पण ज्यांना मुळात धोका जास्त होता त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. “तुम्ही कुठल्या गटात बसता ते मी सांगू शकत नाही,” ती म्हणाली, “पण माणसांत बसता येईल एवढं नक्की.”

यंत्र घेतल्यावरचे पहिले तीन आठवडे त्रासाचे गेले. वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रा खडखडल्यासारखा आवाज. नळाचं पाणी, चपलांची फरफर, आणि स्वतःचा आवाज तर रिकाम्या हंड्यात बोलल्यासारखा. आधी दोन तास, मग चार, मग दिवसभर, असं वाढवत न्यायचं होतं. तीनदा जाऊन यंत्र जुळवून घेतलं. इथेच पुष्कळ जण कंटाळून यंत्र खणात टाकतात. कृपा करून टाकू नका. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला वेळ लागतो आणि तो वेळ द्यावाच लागतो. गर्दीत अजूनही मला सगळं कळत नाही. मी भिंतीकडे पाठ करून बसतो, समोरच्याच्या तोंडावर उजेड येईल अशी जागा धरतो आणि सरळ सांगतो, माझ्याकडे बघून बोला. हे वाक्य म्हणायला मला ७२ वर्षं लागली.

कान झाले, आता माणसं. सगळे सांगतात, “जरा लोकांत मिसळत जा.” याने काही होत नाही. कुठे, कधी, कोणात, हे कोणी सांगत नाही. मी आपणहून एका ज्येष्ठांच्या गटात नाव घातलं. तिथे पन्नास-साठ जण खुर्च्यांवर ओळीने बसत, समोर कोणीतरी आरोग्यावर बोले, टाळ्या होत आणि सगळे घरी जात. पाच वेळा गेलो. पाचही वेळा एका शब्दानेही कोणाशी बोलणं झालं नाही. परत येताना मी जास्तच थकलेला असायचो. गट वाईट नव्हता, तिथली माणसंही भली होती. पण माझ्या जागी दुसरं कोणी बसलं असतं तरी कार्यक्रमात काही बदललं नसतं.

डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, “तुम्हाला हातांनी काय करता येतं?”

त्यांनीच मला वाचनालयाच्या मागच्या खोलीचा पत्ता दिला. तिथे काही निवृत्त माणसं बुधवारी आणि शनिवारी बसून लोकांच्या बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करून देत. इस्त्र्या, पंखे, रेडिओ, मुलांची खेळणी. अशा जागा जगभर आहेत हे मला नंतर समजलं. ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली मार्टीन पोस्टमा या बाईंनी दुरुस्तीचं असंच एक केंद्र सुरू केलं आणि ती कल्पना कितीतरी देशांत पसरली. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकापासून पुरुषांसाठी अशा कामाच्या शेड आहेत. तिथे म्हणतात, पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात. माझा अनुभव अगदी हाच आहे. “कसं वाटतं तुम्हाला पत्नीशिवाय?” असं कोणी समोर बसून विचारलं असतं तर मी उठून गेलो असतो. पण पंख्याचं बेअरिंग काढताना, दोघांच्या नजरा स्क्रूवर असताना, शेजारचा माणूस म्हणाला, “आमची जाऊन सात वर्षं झाली. तुमची?” आणि मी सांगू लागलो. पक्कड हातातच होती.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला नोंदवही दिली. माझं अक्षर आराखडे काढणाऱ्याचं, सुटं आणि सरळ. कोणाची वस्तू, काय बिघाड, कोणी दुरुस्त केली, कधी न्यायची. ज्या वस्तूचा सुटा भाग मिळत नसे त्याचं मोजमाप घेऊन मी चित्र काढून देई, मग कोणीतरी तो भाग घडवून आणी. महिनाभरात असं झालं की मी आल्याशिवाय कपाट उघडत नसे, कारण कुठली वस्तू कोणाची ते वहीवरूनच कळायचं.

आणि मग एका शनिवारी मला ताप आला. मी गेलो नाही, कळवलंही नाही. कळवायचं असतं हे डोक्यातच आलं नाही, इतक्या वर्षांत कोणाला काही कळवायची वेळ आली नव्हती. साडेअकराला पहिला फोन. बाराला दुसरा. संध्याकाळी बेल वाजली. पंख्याचं बेअरिंग काढणारे ते गृहस्थ तीन मजले चढून आले होते, धापा टाकत दारात उभे होते.

“शनिवारी का आला नाहीत?” ते म्हणाले. शनिवार अजून संपलाही नव्हता.

माझी पत्नी गेल्यापासून माझं नसणं कोणाच्या ध्यानात आल्याचा तो पहिला दिवस होता. मुलगी रोज फोन करते, माया करते, पण ती दूर आहे आणि तिला नऊच्या फोनवर मी जे सांगेन तेच कळतं. माझी जागा रिकामी दिसणं हे वेगळं. वृद्धांसाठी ‘सोबत’ शोधणाऱ्या सगळ्यांना मला हेच सांगायचं आहे. आम्हाला करमणूक पुष्कळ मिळते. ज्याचं आमच्यावाचून अडेल असं काहीतरी कुठेतरी हवं असतं, आठवड्यातून दोनदा का होईना.

त्यानंतर मी मुलीशी बोलण्याची रीतही बदलली. आधी आमचं संभाषण हजेरीसारखं असायचं : औषध घेतलं का, झोप लागली का, दार लावलं का. आता नातीला भूमितीच्या रचना मी शिकवतो, आठवड्यातून दोन संध्याकाळी, व्हिडिओवर. कंपास कसा धरायचा ते दाखवताना माझा हात कॅमेऱ्यात येतो आणि चेहरा येत नाही, याची तिला गंमत वाटते.

एक प्रयोग माझ्या मनात घर करून राहिला आहे. शेल्डन कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब टाकले आणि कोणाला सर्दी होते ते पाहिलं. ज्यांची नाती सहा किंवा जास्त प्रकारची होती त्यांच्या तुलनेत, एक ते तीनच प्रकारची नाती असणाऱ्यांना सर्दी होण्याचा धोका चौपटीहून जास्त निघाला. मोजले होते ते नात्यांचे प्रकार : जोडीदार, मुलं, शेजारी, सहकारी, एखाद्या संस्थेतले सोबती. माझं सगळं आयुष्य एकाच खांबावर उभं होतं. तो कोसळल्यावर छप्पर खाली येणारच होतं. आता मी मुद्दाम निरनिराळे खांब रोवतो. वाचनालयातल्या मुलीला रोज एक वाक्य तरी जास्त बोलतो. जिन्यातल्या त्या गृहस्थांकडे मी वर्षभराने गेलो, कानातलं यंत्र काढून दाखवलं आणि त्या दिवशी काय झालं होतं ते सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी भावाबद्दल पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि या वेळी मी सगळं ऐकलं.

माझं वजन तीन किलो वाढलं आहे. जाऊन-येऊन चाळीस मिनिटं चालणं होतं, झोप बरी लागते. हे कशामुळे, कानामुळे, चालण्यामुळे की माणसांमुळे, ते डॉक्टरांनाही वेगळं काढता येत नाही, आणि तसं त्या म्हणाल्याही. सहा प्रश्न त्यांनी परत विचारले. या वेळी १४ आले, मित्रांचे सात.

तीन मजले चढून आलेले ते गृहस्थ गेल्या पावसाळ्यात गेले. झोपेत. त्यानंतर दोन आठवडे मी खोलीकडे फिरकलो नाही. या वयात नवी माणसं जोडायची ती अशी गमवायला का, हा प्रश्न माझ्यापुढे खरोखर उभा राहिला, आणि त्याचं उत्तर मला अजूनही पूर्ण सापडलेलं नाही. दुसऱ्या आठवड्यात खोलीतले तिघे माझ्या दारात आले आणि म्हणाले, वही कोणालाच समजत नाही. मी चप्पल घातली.

वहीच्या शेवटच्या पानांवर मी आता आमचीच हजेरी मांडतो. कोणी आलं नाही की अकराला फोन, उचलला नाही तर दुपारी दोघांनी घरी जायचं. जिने चढायचं काम सध्या माझ्याकडे आहे.

गेल्या बुधवारी एक नवे गृहस्थ मुलाबरोबर आले. सत्तरीचे असतील. कोपऱ्यात बसले. सगळे हसले की ते अर्ध्या क्षणाने हसत आणि हसताना त्यांचे डोळे एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडाकडे फिरत. मी माझी खुर्ची उचलून त्यांच्या समोर, खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर येईल अशी ठेवली. वहीचं कोरं पान काढून मोठ्या अक्षरांत लिहिलं : ताप, साप, शाप, थाप, माप. ते वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कानामागचं यंत्र दाखवलं आणि सावकाश म्हणालो, “परवा सकाळी दहाला मी तुमच्याकडे येतो. तपासायला बरोबर जाऊ.”